घरत मॅडमची सही

मागच्या आठवड्यात आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घरत मॅडमचा फोटो आला. कुठल्याशा कॉलेजात त्यांचा सत्कार झाला होता. हातात नारळ, खांद्यावर शाल, आणि चेहरा असा की कुणीतरी चुकीचा पेपर पुढ्यात ठेवलाय. खाली पोरांनी रांग लावली. 'आमच्या मॅडम', 'मॅडम नसत्या तर मी आज इथे नसतो', जोडलेले हात, रडणारे पिवळे चेहरे. ग्रुप माझा. क्लास माझा, जागा माझी, मॅडमना तिथे आणणारा मी. मी काही लिहिलं नाही. दोघातिघांनी वेगळा मेसेज करून विचारलं, "सर, तुम्ही काहीच नाही बोललात?"

बोलायचं तर पुरतं बोलावं. मला ती बाई आवडली नाही. पहिल्या दिवशी नाही, शेवटच्या दिवशी नाही आणि आजही नाही.

माझे वडील माण तालुक्यातून आले आणि वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून राबले. मी सोळाव्या वर्षी तिथेच धान्याच्या काट्यावर उभा राहिलो. पुढे नेरुळला टायपिंगचा क्लास, मग कॉम्प्युटरचा, मग सीवूड्सला स्टेशनजवळ दुसऱ्या मजल्यावर मोठी जागा. मला पुस्तकातलं फार कळत नाही, पण माल कुठे पडून आहे आणि गिऱ्हाईक कुठे उभं आहे हे कळतं. बायोलॉजी शिकलेली पोरं पदव्या घेऊन घरी बसली होती. दुसरीकडे लॅबमधली नवी मशीन्स एका माणसाच्या थेंबभर रक्तातून वीस हजार जनुकांचे वीस हजार आकडे काढत होती, आणि ते आकडे वाचायला माणूस नव्हता. मी ठरवलं, ही माणसं आपण तयार करायची. महापेतल्या एका कंपनीशी बोलणं लावलं. पहिली तुकडी चांगली निघाली तर सगळी पोरं घेऊ आणि पुढच्या तुकड्याही तुमच्याकडूनच घेऊ, असं त्यांनी कबूल केलं.

शिकवायला माणूस हवा होता. कुणीतरी मंदा घरत हे नाव सांगितलं. सरकारी संशोधन संस्थेत तीस वर्षं संख्याशास्त्र, नुकत्याच निवृत्त. राहायला उलव्याला. तिथल्याच, मूळच्या. बापाचं मिठागर होतं, ते गेलं. भातशेती होती, ती गेली. मिळालेल्या प्लॉटवर भावांच्या इमारती उभ्या राहिल्या. बाई मात्र त्याच इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि सुती साडी, रबरी चप्पल, पाठीवर शाळेच्या पोरासारखी सॅक अशा यायच्या.

मी बोलणी सुरू केली. "तीन महिन्यांचा कोर्स करू."

"सहा," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, तीनच्या वर पोरं थांबत नाहीत. चार करा."

"सहा."

"साडेचार. तुमचंही राहिलं, माझंही राहिलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "जगदाळे, तुम्ही चढताय, मी उतरत नाहीये. किती वेळ चालवायचं?"

भाव न करणाऱ्या माणसाचा मला आधीपासून संशय येतो. भाव करणारा माणूस निदान समोरच्याला काहीतरी हवंय हे मान्य करतो. शेवटी सहा महिने झाले. उठताना त्या म्हणाल्या, "सर्टिफिकेटवर सही कुणाची?" मी म्हटलं, तुमचीच, नाव तुमचं आहे. "मग परीक्षा पण माझी. कुणाला द्यायची, कुणाला नाही, ते मी ठरवणार." मी हो म्हटलं. मार्केटात इतकी वर्षं काढून मी न वाचता मान डोलावली ती त्या एका अटीवर.

वीस नवे कॉम्प्युटर लावले होते. पहिले तीन आठवडे बाईंनी ते सुरूच करू दिले नाहीत. सॅकमधून चिंचोक्यांचा डबा आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढायच्या आणि एमएस्सी झालेल्या पोरांना जमिनीवर गोल करून बसवायच्या. पालकांचे फोन यायला लागले. एकीची आई म्हणाली, "सर, आमची मुलगी रोज संध्याकाळी चिंचोके खेळून येते." मी तडक वर्गात गेलो.

"मॅडम, हे काय चाललंय?"

"बसा."

"बसायला वेळ नाही मला."

"मग उभ्यानं पिसा." त्यांनी माझ्या हातात वीस चिठ्ठ्या दिल्या. प्रत्येकीवर एका माणसाच्या हिमोग्लोबिनचा आकडा. "दहा या बाजूला, दहा त्या बाजूला. न बघता. या बाजूचे आजारी समजा, त्या बाजूचे निरोगी. आता दोन्हीकडची सरासरी काढा."

पोरं बघत होती, म्हणून मी केलं. पहिल्या दोन वेळा काही नाही. चौथ्या वेळी दोन्ही बाजूंत चांगला दणदणीत फरक आला. मी म्हटलं, "हे बघा! आला ना फरक?"

"आला खरा," मॅडम म्हणाल्या. "पण यात कुणी आजारी नाही. वीसही आकडे माझ्या घरच्यांचे आहेत, सगळे ठणठणीत. फरक तुम्ही पिसून काढलात." पोरं हसली. "एका आकड्याला हे होतं. मशीन एका वेळी वीस हजार देतं. त्यातले हजारभर असे फुकटातच चमकणार. हे हाताला कळल्याशिवाय यांना मी मशीनला हात लावू देणार नाही."

मला ते एका झटक्यात समजलं. पण माझ्याच वर्गात, माझ्याच पोरांसमोर मला समजावलं गेलं, तेही माझ्या लक्षात राहिलं.

कौतुक हा शब्द त्यांच्याकडे नव्हता. काम कितीही चांगलं असो, "बघू" म्हणायच्या. फारच चांगलं असलं तर "असेल". लिफ्टजवळच्या फळ्यावर मी लिहून घेतलं होतं, 'सहा महिन्यांत डेटा तज्ज्ञ व्हा'. दुसऱ्या दिवशी सकाळी 'तज्ज्ञ व्हा' पुसलेलं आणि त्या जागी त्यांच्या अक्षरात 'वाचायला शिका'. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा पुसलं. आठवडाभर हे चाललं. शेवटी मी छापील बोर्ड आणून वर ठोकला, तर त्या रोज त्याच्याखाली थांबून, चष्मा वर करून, तो पूर्ण वाचायच्या आणि मग आत जायच्या.

खांदेश्वरचा प्रथमेश आमच्या तुकडीतला सगळ्यात हुशार. त्याचा एक रिपोर्ट त्यांनी नऊ वेळा परत दिला. नवव्यांदा तो रडवेला झाला. "मॅडम, आता काय चुकलं ते तरी सांगा."

"काही नाही चुकलं."

"मग?"

"देताना काय म्हणालास? 'बहुतेक बरोबर आहे.' तुझं बहुतेक तू घरी ठेवून ये."

याला शिस्त म्हणणारे म्हणोत. मला त्यात माणसाला झुकवण्याची हौस दिसायची.

आणि ते तीन प्रश्न. कुठलीही माहिती पुढे आली, अगदी वर्तमानपत्रातला तक्ता असो, की त्या विचारायच्या, "कधी? कुठं? कोणी?" नमुना कधी घेतला, कुठल्या मशीनवर घातला, कोणी घातला. शांत असल्या की 'कोणी'. चिडल्या की उलवं बाहेर यायचं आणि त्याचं 'कोनी' व्हायचं. पोरं मागून नक्कल करायची. कुणी वडापाव आणला तरी, "कधी? कुठं? कोनी?" त्यांच्या बापाचं एक सांगणंही त्या वरचेवर सांगायच्या. हंगामातलं आगरातलं पहिलं मीठ मातकट असतं. दिसतं मीठ, पण ते बाजारात न्यायचं नसतं. "पयलं उत्तर पन तसंच," म्हणायच्या. "ते बाजूला लोटायचं."

त्या तुकडीत माझी मुलगी होती. ऋतुजा. अकरातली एक. सवलत नको म्हणून ती वर्गात मला सर म्हणायची. मॅडमनी तिला कधी वेगळं वागवलं नाही, ना चांगलं ना वाईट. ऋतुजा मात्र घरी येऊन मॅडम असं म्हणाल्या, मॅडम तसं म्हणाल्या, एवढंच बोलायची. जेवताना माझ्या बायकोने सहज म्हटलं, शेजारच्या वहिनींचं वजन चार किलो कमी झालं. तर ही विचारते, "कुठल्या काट्यावर?"

शेवटच्या महिन्यात मोठं काम आलं. यकृताच्या एका आजाराचे तीस रुग्ण आणि तीस निरोगी माणसं, साठ जणांच्या रक्ताचे आकडे. एका खाजगी लॅबने सरावासाठी दिलेले. ऋतुजाच्या गटाने त्यांचं चित्र काढलं. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका, रुग्ण लाल, निरोगी निळे. लाल सगळे एका कोपऱ्यात, निळे सगळे दुसऱ्या कोपऱ्यात, मधे कोरी जागा. मला त्यातलं शास्त्र कळत नव्हतं, पण असा माल गिऱ्हाइकाला दाखवायला किती सोपा, ते कळत होतं. त्याच आठवड्यात मॅडम गावदेवीच्या जत्रेसाठी रजेवर होत्या. कंपनीचा फोन आला, पोरांचं काम बघायला आम्हाला लवकर यायला जमेल, काही तयार आहे का? मी म्हटलं, या.

आदल्या दिवशी दुपारी ऋतुजा माझ्या केबिनमध्ये आली. दार लावून घेतलं, आणि वर्गाच्या वेळेत पहिल्यांदाच मला पप्पा म्हणाली.

"पप्पा, उद्याचं पुढे ढकला ना. फाईलमध्ये नमुन्यांच्या तारखा आहेत. रुग्णांचे सगळे नमुने लॅबने एका मंगळवारी मशीनवर घातलेत, आणि निरोगी सगळे पुढच्या शुक्रवारी. मधे त्यांनी रसायनं बदललीत. मॅडम येईपर्यंत थांबू या."

"मग? घातले असतील. सुट्टी असेल लॅबला."

"तसं नाही. तो फरक आजाराचा नसेलच कदाचित."

"कदाचित ना? खात्री आहे का?"

"नाही."

"तो तारखांचा रकाना उद्या उघडायचाच नाही. कोण बघतंय? ऋतु, दहा पोरांच्या नोकऱ्या आहेत. तुझ्या एकटीच्या शंकेसाठी त्यांना घरी बसवू का?"

तिने दार उघडलं. मग "ठीक आहे, सर," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे तिघे आले. चहा झाला. ऋतुजा पडद्याजवळ उभी राहिली, चित्र लागलं, आणि त्यातला मुख्य माणूस, चष्मेवाला, खुर्चीतून पुढे सरकला. "वॉव," म्हणाला. माझ्या मनात पुढच्या तुकडीच्या खुर्च्या मांडून झाल्या. तेवढ्यात मागचं दार उघडलं. प्रथमेशने हौसेने मॅडमना फोन केला होता, मॅडम, आज आमचं आहे, या ना. त्या जत्रेतून तशाच आल्या होत्या, केसात अबोली, कपाळावर गुलाल. शेवटच्या खुर्चीत बसल्या. चित्र पाहिलं. कुणाला नमस्कार नाही, काही नाही.

"कधी?"

ऋतुजाच्या हातातला माऊस थांबला.

"ऋतुजा, नमुने कधीचे?"

तिने फाईल उघडली. तारखांचा रकाना पडद्यावर आला. वाचायला कुणाला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"म्हणजे हे आजारी आणि निरोगी नाहीत," मॅडम म्हणाल्या. "हे मंगळवार आणि शुक्रवार आहेत."

चष्मेवाला हळूच मागे टेकला. मी म्हटलं, "मॅडम, काही दुरुस्ती करता येत असेल. गणित करून दिवसाचा फरक वजा करा. सगळं नाही, अर्धं तरी वाचेल."

"मिठात वाळू पडली तर पाण्यात टाकून वेगळी होते. हे नाही होत. एकही रुग्ण शुक्रवारचा असता, एकही निरोगी मंगळवारचा असता, तर काहीतरी धरायला मिळालं असतं. जगदाळे, तुम्ही काट्यावर वाढलेले. एकाची तूर उन्हात तोलली आणि दुसऱ्याची पावसात भिजल्यावर, तर कुणाची जड हे सांगाल?"

मी काट्यावर असताना एका व्यापाऱ्याला नेमकं हेच करताना पकडलं होतं आणि त्याच्या तोंडावर पोतं रिकामं केलं होतं. मी स्वतःच हौसेने मॅडमना ती गोष्ट सांगितली होती.

मग त्या ऋतुजाकडे वळल्या. "हे तुला आत्ता दिसलं, की आधी?"

"आधी."

"कधी?"

"काल."

"आणि तरी लावलंस?"

"हो, मॅडम."

ती माझ्याकडे बघेल या भीतीने मी खिडकीकडे बघत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

कंपनीवाले चहाचे पेले अर्धे ठेवून गेले. बोलणं तिथेच संपलं. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे, की हे कोपऱ्यात बोलावून सांगता आलं असतं. "जगदाळे, जरा बाहेर या," एवढंच. मी पाहुण्यांना जेवायला नेलं असतं, पुढची तारीख घेतली असती. अकरा पोरांच्या तोंडचा घास चारचौघांत काढायची काही गरज नव्हती. मी त्यांना तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, "चित्र चारचौघांत लावलंत ना?" आणि वर कहर म्हणजे दोन महिन्यांनी त्याच कंपनीने आपल्या माणसांना शिकवायला बाईंना थेट बोलावलं. मला वगळून. प्रथमेशला आणि आणखी तिघांना त्यांच्याच सांगण्यावरून घेतलं. गिऱ्हाईक माझं, माणसं माझी, आणि नाव कुणाचं, तर घरत मॅडमचं.

पण हेही मी गिळलं असतं. धंद्यात असं होतं.

त्याच महिन्याअखेरीस परीक्षा झाली. शेवटच्या दिवशी अकरा सर्टिफिकेटं माझ्या टेबलावर आली. दहांवर सही होती. ऋतुजाच्या सर्टिफिकेटवर नव्हती.

मॅडम समोर बसल्या होत्या. मांडीवर चिंचोक्यांचा डबा, निघायच्या तयारीत. मी दार लावलं आणि जन्मात केली नसेल अशी घासाघीस केली. तिची पुन्हा परीक्षा घ्या. नको? तिला पुढच्या तुकडीत मदतनीस ठेवा आणि मग द्या. नको? तारीख कोरी ठेवा. नुसतं 'हजर होती' असं लिहा. त्या प्रत्येक वेळी मान हलवत होत्या, रागाने नाही, जसं कुणी रस्ता चुकल्यावर सांगतं, इकडून नाही, तसं.

"मार्क तिला प्रथमेशपेक्षा जास्त आहेत," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा. "सगळा गट होता त्या चित्रात. एकट्या तिलाच का?"

"बाकीच्यांना दिसलं नव्हतं. न दिसणं शिकवून बरं होतं. हिला दिसलं, कळलं, आणि तरी झाकलं. माझी सही म्हणजे काय, जगदाळे? हे पोर झाकणार नाही, एवढंच मी लिहून देते. बाकी सगळं कॉम्प्युटरला येतं."

मग त्यांनी एक केलं. सॅकला लावलेलं पेन काढलं, टोपण काढून बाजूला ठेवलं, आणि ऋतुजाचं सर्टिफिकेट स्वतःकडे ओढलं. निब कागदापासून बोटभर वर.

"हे पोर सहा महिने माझ्यासमोर बसलंय," त्या म्हणाल्या. "हिनं आपल्या मनानं झाकलं असं मला वाटत नाय. मी हिला तीनदा विचारलं. ती एकच सांगते, मीच केलं. आता तुम्हाला विचारते." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोनी?"

बाहेर वर्गात पोरं फोटो काढत होती. ऋतुजाचा आवाज येत नव्हता. निब अजून कागदावर टेकलं नव्हतं. एक शब्द बोलायचा होता. मी आयुष्यभर बोलून पोट भरलंय. पण त्या बाईसमोर, तिने विचारल्यावर, तिच्या अटीवर तो शब्द द्यायचा, हे माझ्या गळ्याखाली उतरेना.

"पोरगी घाबरली असेल," मी म्हटलं. "कंपनीचे लोक बघून."

मॅडमनी पेन तसंच वर धरून ठेवलं, मी अजून काही बोलेन म्हणून. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, कागद माझ्याकडे सरकवला आणि डबा उचलून उठल्या.

ऋतुजाला ती सही मिळाली, सात महिन्यांनी. दर शनिवार-रविवार उलव्याला जाऊन, तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत चिठ्ठ्यांपासून पुन्हा सुरू करून. कुणी विचारलं की तुझी तारीख बाकीच्यांपेक्षा वेगळी का, तर ती म्हणते, माझं पहिलं मीठ होतं. तिने मॅडमना कधी काही सांगितलं का, मला माहीत नाही. ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. मला त्या सात महिन्यांचा राग आहे. तो मी कुणावर धरायचा हे लोकांनी मला शिकवू नये. बाईंना सगळं दिसत होतं. दिसत असताना सही करता आली असती.

त्यांना मी पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं, केबिनच्या खिडकीतून. खाली इमारतीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. मॅडम तिथे थांबल्या. डबा पायाशी ठेवला, पदर खोचला, आणि हरभऱ्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातले दाणे वर काढले. दुकानदार काहीतरी कुरकुरला. त्यांनी दाणे तळहातावर पसरून उन्हात धरले, एक दाताखाली फोडला, आणि बाकीचे परत टाकून निघाल्या. काही घेतलं नाही. तेवढ्यात ऋतुजा जिन्यातून धावत खाली आली, त्यांचा डबा उचलला आणि रिक्षा थांबवली. मॅडम आत बसल्या, डबा मांडीवर घेतला.

त्यांनी वर पाहिलं नाही. ऋतुजाने पाहिलं.